तो डाग जुना हाय

'गरज नाही' म्हणणाऱ्या डॉक्टरवर आपल्याकडं कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नाही. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारी बाई, पुरावा दाखवा, पुरावा दाखवा म्हणून पोरांचं डोकं खाणारी. आणि त्या दोन शब्दांवर मी अशी भडकले की कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आबांना मागं टाकून पुढं निघून गेले. आबा म्हणजे माझे वडील. ते कठड्याला धरून सावकाश येत होते, आणि मला त्यांच्या सावकाशपणाचाही राग येत होता.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती. आबा एकसष्टीला आलेले. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर त्यांनी उभा जन्म हमाली केली. गुळाचा रवा म्हणजे तीस किलोची ढेप. ती ते अशी उचलायचे की बघणाऱ्याला वाटावं आत पोकळ आहे. नव्वदच्या दशकात ते टोळीचे मुकादम झाले, तरी रवे उचलायचं त्यांनी सोडलं नाही. मुकादमानं नुसतं उभं राहून हात दाखवायचे, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. यार्डात काम करायचा परवाना म्हणून पितळी बिल्ला मिळतो, तो त्यांच्या छातीवर असायचा. दर रविवारी चिंच भिजत घालून ते तो घासायचे. आई गेली त्या वर्षी, दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर बिल्ला घासला. मला तेव्हा ते दगडासारखं वाटलं होतं. त्यांच्याकडं दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, हे मला उशिरा कळलं. मला बहुतेक गोष्टी उशिराच कळल्या.

माझं घर त्यांच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. जेवायला ते आमच्याकडं यायचे, झोपायला आपल्या खोलीवर जायचे. लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांनी तो मला सांगितला नाही, माझ्या नवऱ्याला सांगितला, तोही अंगणात नेऊन. मुलीला कसं सांगायचं? मग डॉक्टर, रक्त, तुकडा काढून तपासणी, असं सगळं झालं आणि प्रोस्टेटचा कॅन्सर आहे असं निघालं.

ते शाहूपुरीतले डॉक्टर वयस्कर होते, आवाज हळू, टेबलावर पेनाशिवाय काही नाही. त्यांनी आबांच्याकडं बघत सगळं सांगितलं, माझ्याकडं बघत नव्हे. गाठ लहान आहे, रक्तातला आकडा कमी आहे, तुकड्यातही सौम्य जातीचाच दिसतोय. दर काही महिन्यांनी रक्त बघायचं, लक्ष ठेवायचं, वाढला तर पुढचं ठरवायचं. मी विचारलं, मग हाडांचा स्कॅन कधी करायचा? मी वाचून गेले होते ना. हा कॅन्सर हाडात उतरतो, एवढं मला पाठ होतं.

"असल्या गाठीला स्कॅनची गरज नाही," ते म्हणाले.

"पण करून घेतला तर बिघडलं काय?"

"बिघडतं, ताई. जे शोधायला जातो ते तिथं नसतं, आणि भलतंच काहीतरी सापडतं."

मला ही शुद्ध उडवाउडवी वाटली. पायऱ्यांवर माझं डोकं तापलं ते यामुळं.

आता राग येतो तो त्या वेळच्या रागाचाच. पण माझी एकटीची चूक होती असं मी म्हणणार नाही, एवढी मी मोठ्या मनाची नाही. आपल्याकडं ज्या डॉक्टरनं सुई टोचली नाही तो डॉक्टरच नव्हे. ज्यानं तपासण्या लिहिल्या नाहीत त्याला येत नाही, नाहीतर त्याला आपली काळजी नाही. घरी आल्यावर जो भेटेल तो तेच म्हणाला. कॅन्सर आहे म्हणतो आणि वर बघत बसूया म्हणतो, हा काय डॉक्टर म्हणायचा? शाळेच्या स्टाफरूममध्ये तर चहाच्या कपागणिक एक सल्ला. एकीनं विचारलं, तू एवढी शिकलेली आणि बापाचा स्कॅन करत नाहीस? ते माझ्या वर्मी लागलं. शिकलेली असण्याचा मला फार अभिमान होता. हमालाची मुलगी बी.एस्सी., बी.एड. होते तेव्हा तो अभिमान बिल्ल्यासारखाच छातीवर असतो, आणि मीही तो घासून लख्ख ठेवला होता.

त्या अभिमानाचा एक नमुना सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर येऊन आदळतं. माझी पहिली नोकरी कबनूरला होती. तिथं माझ्या वर्गातल्या एका मुलीला कावीळ झाली, तर घरच्यांनी तिच्या दंडावर तापल्या सळईनं डाग दिला. मी त्या घरी गेले आणि यंत्रमागांच्या खडखडाटातही गल्लीला ऐकू जाईल अशी भांडले. त्यानंतर दरवर्षी अंधश्रद्धेच्या धड्याला मी डागण्यावर तासभर बोलायचे. घरीही बोलायचे. असल्या अडाण्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे, असं मी जेवताना कितीदा म्हटलं असेल. आबा खाली मान घालून भाकरी मोडत असायचे. कधीमधी म्हणायचे, "मास्तरीणबाई, भाकरी निवती." मला मास्तरीणबाई म्हणून चिडवायची त्यांची सवय होती.

तर स्कॅन करायचाच, असं मी ठरवलं. ते यंत्र तेव्हा कोल्हापुरात आमच्या माहितीत तरी नव्हतं. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ओळखीनं तारीख मिळवली. शाहूपुरीच्या डॉक्टरांना सांगितलंही नाही. आबांनी एकदाच विचारलं, "ते डाक्तर गरज न्हाय म्हनलं की." मी म्हटलं, त्यांचं वय झालंय. आबांचं त्यांच्याएवढंच वय असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

स्कॅन म्हणजे सकाळी हातात एक इंजेक्शन, मग तीन तास थांबायचं आणि तेवढ्यात भरपूर पाणी प्यायचं. ज्याला लघवीचाच त्रास त्याला पाणी पाज पाज पाजायचं, यातला विनोद फक्त आबांना दिसला. संडासातून सहाव्यांदा आल्यावर म्हणाले, "हितं यायला पैलवान पायजे." मी हसले नाही. मी हातातली फाईल चाळत होते, परीक्षेला आल्यासारखी.

संध्याकाळच्या आधी तिथल्या तंत्रज्ञानं आबांना टेबलावरून उतरवताना मला हळूच सांगितलं की उजव्या बरगड्यांत डाग दिसतायत, डॉक्टरांना लगेच दाखवा. हळूच म्हणजे आबांना ऐकू जाईल एवढंच हळू. आबा सदऱ्याची बटणं लावत होते, ते थांबले. त्यांचा चेहरा पोरानं चोरून काहीतरी खाल्लेलं सापडावं तसा झाला.

"तो डाग जुना हाय," ते म्हणाले.

तंत्रज्ञ बिचारा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, काळजी करू नका काका. मला रडू आलं. मला वाटलं, आबांना काही कळलेलं नाही, ते स्वतःची समजूत घालतायत.

पुण्याच्या डॉक्टरांनी काचेमागच्या दिव्यावर फिल्म लावली. माणसाचा सांगाडा, करडा, आणि उजव्या बाजूला काखेखाली तीन काळे ठिपके. रिपोर्टात त्याला हॉट स्पॉट म्हटलं होतं. डॉक्टर मला समजेल असं मराठीत म्हणाले, तीन डाग आहेत, आजार हाडात उतरलाय. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन, कायमचं. आणि वजन अजिबात उचलायचं नाही, बरगडी मोडेल.

आबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते पुन्हा म्हणाले, "साहेब, तो डाग जुना हाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाले की पेशंट स्वतःच सांगतायत, म्हणजे पसरून बरेच दिवस झालेले दिसतात. त्या माणसाचं वाक्य त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वहीत गेलं, आणि मी, पुरावेवाली बाई, मान डोलावत बसले. आजही ती मान आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

परतीच्या एस.टी.त साताऱ्याच्या पुढं आबा खिडकीकडं बघत म्हणाले, "त्या डागाचं तुला सांगायचं हुतं."

मी दिवसभराची उपाशी, डोकं ठणकत होतं, आणि मला रडायचं नव्हतं. मी म्हटलं, "आबा, आता डागाचं तुम्ही मला सांगू नका. मी विज्ञान शिकवते."

ते पुन्हा खिडकीकडं वळले. तो विषय त्यांनी पुढं दीड वर्ष काढला नाही.

पुढचा आठवडा तर नुसता अर्ज-कागदांचा. वजन उचलायचं नाही म्हणजे यार्ड संपलं. यार्ड संपलं म्हणजे बिल्ला परत द्यायचा. आबांनी कोरा कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "तूच लिव्ह. तुझं अक्षर चांगलं हाय." मी लिहिलं, प्रकृतीच्या कारणास्तव मी माझा बिल्ला स्वखुशीनं परत करीत आहे. स्वखुशीनं हा शब्द नमुन्यात होता म्हणून लिहिला. त्यांनी सही केली, बिल्ला शेवटचा घासला, रुमालात बांधला आणि एकटेच जाऊन देऊन आले. महिन्याच्या आत तो दुसऱ्या माणसाला मिळाला. यार्डात बिल्ल्यासाठी रांग असते.

आणि इंजेक्शनं. त्यांचा परिणाम मी पुस्तकात वाचला होता, पण पुस्तकात शब्द असतात आणि आपल्यासमोर माणूस असतो. आबांच्या अंगातून वाफा निघायच्या. जानेवारीच्या थंडीत लोक शेकोट्या करून बसलेले आणि हे बंडीवर ओट्यावर, कपाळावर घाम. दंड उतरले. छाती बायकांसारखी मऊ व्हायला लागली, तेव्हा ते बाहेर सदऱ्यावर आणखी जाकीट घालायला लागले, उन्हाळ्यातसुद्धा. रव्याचा माणूस, पण पाण्याची कळशी उचलताना हात थरथरायचे. यार्डातले लोक सुरुवातीला भेटायला आले, मग यायचे बंद झाले, कारण आबाच त्यांना भेटेनात. एकदा मी भाजी घेऊन आले तर ओट्यावर बसून ते हाताचा तळवा बघत होते. हमालाच्या तळव्याचे घट्टे जाऊन कातडी मऊ पडली होती. मला बघून म्हणाले, "मास्तरासारखा हात झाला बघ." हसायचा प्रयत्न होता तो.

रक्तातला आकडा तळाला गेला. पुण्याचे डॉक्टर खूश, मीही खूश. उपचार लागू पडतोय! शाळेत मी सांगितलं, वेळेवर स्कॅन केला म्हणून आबा आहेत. असं मी बऱ्याच जणांना सांगितलं. त्यातल्या एकदोघांनी माझं ऐकून आपापल्या वडिलांचे स्कॅन केले असतील, आणि त्यांच्या घरी काय सापडलं असेल याचा विचार मी टाळते.

दीड वर्षानं आबांनी पुण्याला जायला नकार दिला. एस.टी.त बसवत नाही, म्हणाले, आणि ते खरंच होतं. इंजेक्शन इथंच कुणाकडून तरी टोचून घ्यावं म्हणून, दुसरा इलाज नव्हता म्हणून, मी मान खाली घालून त्यांना शाहूपुरीत घेऊन गेले. माझी तयारी होती, डॉक्टर बोलतील, सुनावतील.  त्यांनी फक्त फिल्म मागितली. त्यांच्याकडं दिव्याची काच नव्हती, तर त्यांनी ती खिडकीला धरली. बाहेर रिक्षावाले भांडत होते, आणि खिडकीत माझ्या बापाचा सांगाडा.

"तीन बरगड्या, एकाखाली एक, सरळ रेघेत," ते स्वतःशीच म्हणाले. "कॅन्सर असा पट्टी लावून बसत नाही." मग फिल्म खाली ठेवली आणि आबांना म्हणाले, "मामा, सदरा काढा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी बाहेर जाऊ का, असं विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हा आता." जाकीट काढलं, सदरा काढला, बंडी वर केली आणि उजवा हात उचलला. काखेखाली बरगड्यांवर, एकाखाली एक, बोटाएवढे तीन डाग होते. भाजलेल्या कातडीचे, वाळलेले, चकचकीत.

 काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी हजारदा ऐकली होती. माझ्या बापाच्या काखेत ती खरीखुरी होती, आणि आम्ही पुण्याला वळसा घालून आलो होतो.

मग डॉक्टर विचारत गेले आणि आबा सांगत गेले. स्कॅनच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात ट्रकला लावलेल्या फळीवरून रवा घेऊन चढताना त्यांचा पाय सटकला. ते खाली उजव्या कुशीवर, आणि वर रवा. श्वास घेता येईना. मला सांगितलं तर मी दवाखान्यात नेणार, आणि डॉक्टर काम बंद करायला लावणार. म्हणून आत्याकडं जातो सांगून ते गगनबावड्याला गेले. मला ते आठ दिवस आठवत होते. परत आल्यावर वाकडे चालायचे, पावसात अंग आखडलंय म्हणाले होते. तिथं एका म्हाताऱ्यानं विळ्याचं टोक तापवून, जिथं जिथं कळ होती तिथं तिथं डाग दिला होता. तीन कळा, तीन डाग. आत्याला त्यांनी शपथ घातली होती. कशाची, तर मला न सांगण्याची. मी तुरुंगाच्या गोष्टी करत होते ना जेवताना.

"मिशिनीत त्योच डाग उमटला असं वाटलं मला," आबा म्हणाले. "चोरी पकडली असं वाटलं."

डॉक्टर म्हणाले, मशीनला कातडीवरचं दिसत नाही. मोडलेलं हाड जुळत असलं की तिथं ते काळं दिसतं. दुपारीच समोरच्या लॅबमध्ये साधा एक्स-रे काढला. तीन बरगड्या, मोडून जुळलेल्या, जुळल्याच्या गाठी स्पष्ट. एवढंच होतं ते. हाडात उतरलेला कॅन्सर म्हणजे गुळाचा एक रवा होता.

"पुण्यात कुणी विचारलं नाही, मार लागला होता का म्हणून?" डॉक्टरांनी विचारलं.

"इचारलं न्हाय," आबा म्हणाले. बंडी खाली करत होते, माझ्याकडं बघत नव्हते. "मीच सांगत हुतो. समद्यांनी मलाच समजावलं."

डाग दिल्यानं बरगड्या जुळल्या नाहीत, त्या आपसूक जुळतात, हे मी आजही वर्गात ठासून सांगते. डागणं अघोरी आहे, हेही सांगते. त्यात एका शब्दाचा फरक नाही. फक्त धडा संपल्यावर पोरांचे प्रश्न आता मी शेवटपर्यंत ऐकते, आणि ऐकताना मला स्वतःचीच चीड येत राहते. पुण्याच्या डॉक्टरांची येते, त्या तंत्रज्ञाच्या मायेच्या हाताची येते, स्टाफरूमची येते. सगळ्यांनी काळजीच केली होती. एवढी काळजी केली की सदरा वर करून बघायला कुणाला सवड झाली नाही.

इंजेक्शनं बंद झाली. अंगाच्या वाफा काही महिन्यांनी थांबल्या, दंड मात्र परत भरले नाहीत. तो कॅन्सर, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण, तो पुढं कितीतरी वर्षं होता तिथंच बसून राहिला. डॉक्टर दर काही महिन्यांनी रक्त बघायचे आणि म्हणायचे, चाललंय ते ठीक आहे.

पण मला त्या दिवशीच्या पायऱ्या आठवतात. एक्स-रे हातात घेऊन आम्ही उतरत होतो, आणि या खेपेला मी त्यांच्या मागं होते. अर्ध्यावर ते थांबले.

"म्हंजे हाडात काय न्हवतंच?"

"नव्हतं, आबा."

"मंग मी यार्डात जाऊ शकत हुतो. ही दीड वर्सं."

मी हो म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नव्हती, आणि शिकायला ती वेळ बरी नव्हती. ते कठडा धरून आणखी एक पायरी उतरले. मग म्हणाले, "अर्ज परत लिहितीस काय, मास्तरीणबाई? बिल्ल्याचा?"

घरी येऊन मी लिहायला बसले. पहिल्या अर्जापेक्षा अक्षर चांगलं काढलं, एकही खाडाखोड केली नाही. आबांनी तो दोनदा वाचला, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून रात्रीच वाटीत चिंच भिजत घातली. बिल्ला दुसऱ्या माणसाच्या छातीवर होता, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.